घरची माणसं

यशोधराची पोर जन्मल्यापासून श्वासाच्या मशीनवर होती. मेंदू निकामी झालाय, ती वाचणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मशीन काढायचं का, हे विचारायला त्यांनी तिच्या नवऱ्याला, विक्रांतला, आणि सासऱ्यांना केबिनमध्ये बोलावलं. हे कळताच यशोधरा टाके सांभाळत, भिंत धरत तिथे पोचली.

"मला न विचारता कसं ठरवताय?"

"कोणाला विचारायचं, याचा काही पक्का नियम नाही, ताई. आम्ही घरच्या माणसांना विचारतो," डॉक्टर म्हणाले.

"मग मी कोण, बाहेरची?"

सासरे म्हणाले, "तुला सोसलं नसतं, पोरी."

"पोटात मीच सोसलं ना तिला?" ती कडाडली.

मशीन काढायला तिनेच हो म्हटलं, पण पोरीला मांडीवर घेऊनच. तिथेच पोरीने शेवटचा श्वास घेतला. खरवई गावातल्या घरी परतल्यावर विक्रांत जवळ येऊन रडू लागला. यशोधराने त्याचा हात झिडकारला.