मोहाखालचे वाळे

खणात पांढरी भुकटी सुटलेले पेन्सिल सेल सापडले आणि सूर्यमाळची ती म्हातारी आठवली. मी तिथं शाळेत शिकवत होते आणि ती शेजारी राहायची. रस्ता रुंद करायला जेसीबी येणार होता, आणि त्याच रस्त्याच्या कडेच्या मोहांखाली कुठंतरी तिची तान्ही लेक फार वर्षांपूर्वी पुरलेली होती. पोरीचा बाप मजुरीवरून चांदीचे वाळे घेऊन आला, तेव्हा पोर सकाळीच गेलेली होती. त्यानं ते तिच्या पायांत घातले आणि पुरायला नेलं. बायकांनी जायची रीत नव्हती. जागा त्यालाच ठाऊक, आणि आता तोही राहिला नव्हता. म्हणून मी भावानं हौसेनं घेतलेला मेटल डिटेक्टर मागून आणला आणि माझ्या बांगडीवर तो कसा वाजतो ते तिला दाखवलं. मोखाड्याच्या दुकानात मी साधे सेल मागितले, तर ती म्हणाली, "बाई, जास्ती येळ चालतील ते घ्या." शोधायला वेळ लागेल म्हणून म्हणत असेल, असं मला वाटलं. दुपार कलताना कुजक्या पाचोळ्याच्या वासात, एका मोहाच्या मुळाशी यंत्र बारीक वाजलं. मी उकरायला वाकले तशी तिनं माझा हात धरला. "नको, निजू द्या तिला." जेसीबीवाल्याला जागा कळावी म्हणून तिनं भोवती दगड मांडले. मी यंत्र बंद करू लागले, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. तिचे वाळे वाजलेले मी कधी ऐकलेच नाहीत." मी यंत्र हळूहळू फिरवत राहिले. सेल चांगले निघाले. अंधार पडला तरी ते वाजत होतं.