आधी पाणी, मग माणूस

पाण्याच्या जारवर बोटाने दोनदा टकटक करायचं, कान देऊन ऐकायचं आणि म्हणायचं, "आधी पाणी, मग माणूस."

महाडला आमच्या इमारतीत लिफ्ट बसली त्या दिवशी मी हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तळमजल्यावर नुकतेच राहायला आलेले निवृत्त गृहस्थ, एवढीच तोवर ओळख. लिफ्टमध्ये भरलेले जार रचून त्यांनी ती माणसाशिवाय दहा वेळा वरखाली पाठवली. माझी आई काठी टेकून उभी होती. शेवटी ती म्हणाली, "पाणी पाच मजले हिंडून आलं, माझा नंबर कधी?"

"अकराव्या खेपेला, आई," ते म्हणाले.

त्यांची सगळी नोकरी प्रवासी विमानांच्या चाचणी विभागात झाली होती. नव्या विमानात प्रवासी बसण्याआधी खुर्च्यांच्या जागी पिंपं बांधतात आणि प्रवाशांच्या वजनाइतकं पाणी भरतात. हवेत ते पाणी पंपाने पुढून मागे सोडतात आणि विमानाचा तोल कुठवर सांभाळता येतो ते बघतात. ती पिंपं बांधणं, भरणं, मोजणं हे त्यांचं काम.

मी शाळेत गणित शिकवतो. मला चूक दिसली. "पाण्याबरोबर वैमानिकही उडतोच की. मग आधी पाणी कसं?"

"वैमानिकाला आकडा माहीत असतो, सर. तो सही करून चढतो. तिकीट काढून बसणाऱ्या बाईला कुठला आकडा माहीत असतो? धोका ज्याला ठाऊक, त्यानेच घ्यायचा."

उड्डाणाआधी तिथे प्रत्येकाला विचारायचे, उडायचं का? एकाचा नकार पुरे. एका पिंपाचा पट्टा ढिला वाटला म्हणून एकदा ह्यांनी एकट्याने 'नाही' म्हटलं होतं.

"वैमानिक काय म्हणाला?"

"शिव्या दिल्या. पण चढला नाही."

"आणि पट्टा?"

"पट्टा धड निघाला. म्हणून काय झालं? पुन्हाही 'नाही'च म्हटलं असतं."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ऐन कार्यात आडवा येणारा. त्याच्यावर चिडण्याआधी त्याच्याकडे जरा नीट पाहा.

त्यांची मूळ वाडी कापडे गावाच्या वरच्या अंगाला. वाडी आणि रस्ता यांच्यामध्ये ओढा, ओढ्यावर नवा लोखंडी साकव. उद्घाटनाला त्यांनी मलाही नेलं. वाडीची पालखी सगळ्या माणसांसकट साकवावरून न्यायची असं ठरलं होतं. ढोल वाजत होते. हे साकवाच्या तोंडाशी हात पसरून उभे राहिले.

सरपंच त्यांचा चुलतपुतण्या. "काका, मानसं ताटकळलीत. बाजूला व्हा."

"पिंपं आण. तोवर नाय."

"ठेकेदार म्हनतोय मजबूत हाय."

"ठेकेदार म्हनतोय. साकवाला इचारलंस?"

गर्दीतून एक म्हातारी ओरडली, "इमानात बसून आला, आता आमाला चालाया शिकवतोय गो!" सगळे हसले. हे हलले नाहीत.

मी हिशेब केला. दोनशे लिटरचं एक पिंप म्हणजे साधारण तीन माणसं. वाडीतून चौदा पिंपं गोळा झाली, म्हणजे बेचाळीस.

"रिकाम्या पिंपाचं वजन धरलंत का, सर?"

धरलं नव्हतं.

"तेवढं जास्तीचं राहू दे. बेचाळीसच धरा."

रिकामी पिंपं त्यांनी स्वतः साकवावर ढकलत नेली, दुसऱ्या कुणाला पाऊल ठेवू दिलं नाही. साकवाच्या मध्याखाली ओढ्यात मापापुरता एक सुटा खांब रोवला. साकवाची खालची कड जिथे आली, तिथे त्या खांबावर मी माझ्या खिशातल्या खडूने रेघ मारली. ओढ्यातल्या पंपाने पिंपं भरली, तसा साकव वाकला. लोक मागे सरले.

"वाकणं गुन्हा नाही," ते मला म्हणाले. "परत वर न येणं हा गुन्हा."

पाणी सोडून दिलं. तासभर थांबलो. साकव रेघेच्या दोन बोटं खालीच राहिला.

"दोन बोटांनी काय होतंय?" ठेकेदार म्हणाला.

"नाही."

पालखी ओढ्यातून गेली. त्या पावसाळ्यात शाळेची पोरं लांबच्या वाटेने फिरली आणि घरोघरी ह्यांच्या नावाने बोटं मोडली गेली. पुतण्याने बोलणं टाकलं. पण साकव बंद राहिला. पावसानंतर त्याखाली नवे खांब बसले. मला वाडीतून त्यांचा फोन आला, "परवा या, सर. खडू आणा."

परवा उजाडायच्या आत ते गेले. झोपेतच.

मी खडू घेऊनच गेलो. वाडीचं स्मशान ओढ्यापलीकडे. तिरडी साकवाच्या तोंडाशी आली. मागे शंभरावर माणसं. ठेकेदारही आला होता. "आता नवे खांब आहेत. चला, मयत ताटकळत ठेवू नये."

एकाचा नकार पुरे, हे मला ठाऊक होतं. तरी मी खिशातला खडूच चाचपत राहिलो. तेवढ्यात सरपंच म्हणाला, "थांबा. पिंपं आना."

वाटेत विसावा देतातच. त्यांचा जरा लांबला. तिरडी आंब्याखाली टेकवली. तीच म्हातारी म्हणाली, "आजून सावलीत घ्या रे. ऊन लागतंय त्याला."

नवी रेघ मारली. पिंपं भरली, सोडली. मी गुडघाभर पाण्यात उभा.

"सर, रेघेवर हाय?" सरपंच वरून ओरडला.

मी बोट लावून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं, कारण त्यांनी पुन्हा पाहिलं असतं.

"रेघेवर!"

सरपंच लोकांकडे वळला. "एका टायमाला बेचाळीस. तेच्या वर कोन येल, त्यो थांबंल. पयला काका."

पाणी जाऊन आलं होतं. मग माणूस गेला.