चार नवे टायर आणि आमची बुज्जी

माझी मुलगी मुक्ता आई होणार की नाही, या एका प्रश्नावरून मी कितीतरी वर्षं दत्तगुरूंशी भांडत होते. भांडण अर्थातच एकतर्फी. गुरुवारचा उपवास धरायचा, पोथीचं पारायण करायचं, आणि शेवटी हात जोडून तेच एक मागणं मागायचं. डॉक्टर झाले, औषधं झाली, दोनदा आशा लागली आणि दोनदा मावळली. त्यानंतर एक काळ असा आला की मी दिवा लावायची, पण मूर्तीकडे बघायची नाही. ऐकणारं कुणी आहे का, हा प्रश्न मनात यायचा आणि तो आल्याचीच भीती वाटायची. मुक्ता आणि आमचे जावई श्रीकांत मात्र माझ्याहून खंबीर निघाले. त्यांनी मूल दत्तक घ्यायचं ठरवलं, नाव नोंदवलं आणि शांतपणे वाट बघत राहिले.

फोन आला तेव्हा मी हैदराबादेत, अंबरपेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजी घेत होते. गुलबर्ग्याच्या शिशुगृहात एक मुलगी आहे, आठ महिन्यांची, आणि ती आपली आहे, असं मुक्ता म्हणाली. 'आपली' म्हणताना तिचा आवाज फुटला. मी भाजीवालीच्या हातात पिशवी तशीच ठेवून तिला मिठी मारली. दोघं जाऊन बाळाला भेटून आली, कागदपत्रं झाली आणि तिला घरी आणायचा दिवस ठरला. त्या दिवसापर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. अफझलगंजला जाऊन मऊ सुती कापड आणलं, झबली शिवली, दुपटी शिवली, पुन्हा कापड कमी पडलं म्हणून पुन्हा गेले. दुकानदारालाही सांगितलं, रिक्षावाल्यालाही सांगितलं. श्रीकांत तेलुगू. त्याने बाळाला भेटल्या दिवसापासून 'बुज्जी', म्हणजे चिमुकली, म्हणायला सुरुवात केली होती, आणि नाव ठरायच्या आधीच ती आम्हा सगळ्यांची बुज्जी झाली.

तिला आमच्या गाडीतून आणायचं, हा हट्ट यांचा. आमचे हे वकील. वकिली जोरात होती त्या काळात त्यांनी ती मोठी, रुपेरी रंगाची परदेशी गाडी घेतली. घर ते कोर्ट आणि कोर्ट ते घर, एवढाच तिचा फेरा, आणि रविवारी ते ती स्वतःच्या हाताने पुसत. इतकी वर्षं झाली तरी चारही टायर कंपनीतून आले तेच होते. नक्षी झिजून गुळगुळीत होत आली होती, कडेला बारीक भेगा होत्या. सर्व्हिसिंगला गाडी गेली की ते लोक दर वेळी सांगायचे, साहेब, आता टायर बदला. यांचं उत्तर ठरलेलं, असला माल आता येत नाही, ओरिजिनल आहेत, अजून एक मोसम काढतील. त्या गाडीतल्या कुठल्याच वस्तूला हात लावलेला त्यांना खपत नसे. मला टायरमधलं काही कळत नाही, म्हणून मीही कधी बोलले नाही.

त्या दिवशी आम्ही उजाडताच निघालो. कुकटपल्लीला त्यांच्या घरून मुक्ता आणि श्रीकांतला घेतलं. शिशुगृहाच्या मॅडमनी दुपारच्या आत या असं बजावलं होतं, कारण सह्या करणारे अधिकारी तेवढ्यापुरतेच येणार होते आणि दुसऱ्या दिवसापासून सणाच्या सुट्ट्या लागत होत्या. तो दिवस हुकला असता तर बाळाला आणखी आठवडाभर तिथेच राहावं लागलं असतं. मुक्ताने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता. तिने काही खाल्लंही नव्हतं, म्हणून हमरस्त्याला लागण्याआधी एका टिफिन सेंटरसमोर गाडी उभी केली.

आत गर्दी होती. मी बाहेर खुर्चीवर बसले. शेजारच्या खुर्चीवर काळ्या बुरख्यातल्या एक वयस्क बाई चहा बशीत ओतून पीत होत्या. त्यांचा मुलगा आत इडली बांधून घेत होता. तीही माणसं गुलबर्ग्यालाच निघाली होती, दर्ग्याला. गुलबर्गा हा शब्द ऐकला आणि माझं तोंड थांबेना. मी त्यांना सगळं सांगितलं. इतक्या वर्षांची वाट, दोनदा मोडलेली आशा, फोटोतले बुज्जीचे डोळे, झबल्यांचं कापडसुद्धा. त्या माझा हात हातात धरून ऐकत होत्या. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि तिथेच थांबली. आम्ही दोघी बसलो होतो तिथून आमच्या गाडीचं मागचं डावं चाक अगदी डोळ्यांसमोर होतं.

"देखो मा," त्या म्हणाल्या, "इसका पेट फूल गया."

मी वळून पाहिलं. टायरच्या बाजूला, रबराच्या भिंतीवर, लिंबाएवढा फुगा आला होता. हे इडलीच्या ताटल्या घेऊन बाहेर आले, त्यांनी वाकून बघितलं, बोटाने दाबलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. तरी पहिल्यांदा ते म्हणाले ते असं की सावकाश चालवतो, पोचू, आल्यावर बघू. त्या गाडीत जादा चाक नाही, पंक्चर झालं तर हवा भरायचं काहीतरी यंत्र तेवढं असतं, आणि ते अशा फुग्याला उपयोगाचं नाही, हे त्यांना माहीत होतं. श्रीकांत फोनवर भाड्याची गाडी शोधायला लागला. बाहेरगावी जाणारी गाडी मिळायला दोन-तीन तास लागतील असं सगळीकडून उत्तर आलं. हैदराबादेत दुकानं उघडतात ती उन्हं वर आल्यावर. टायरचं दुकान त्या वेळी उघडं असायचा प्रश्नच नव्हता.

मुक्ता गाडीतून उतरायला तयार नव्हती. ती मागच्या सीटवर बाळाची पिशवी मांडीवर धरून बसली होती आणि एकच वाक्य म्हणत होती, "बाबा, चला ना. आज नाही पोचलो तर?" तिच्याकडे बघवत नव्हतं. मला आठवतंय, मी मनात दत्तगुरूंना म्हटलं की इतक्या जवळ आणून आता हे काय. रागानेच म्हटलं. तेवढ्यात त्या बाई उठल्या, काठी टेकत गाडीपाशी आल्या आणि मुक्ताच्या खिडकीत वाकल्या.

"बच्ची कू लाने जारे ना बेटा? फिर इसपे नक्को जाओ."

अगदी हळू म्हणाल्या. घरातल्या आजीने सांगावं तसं. मुक्ता त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग रडायला लागली. पण ते ऐकून हलले ते आमचे हे. इतका वेळ बॉनेटवर हात ठेवून उभे होते. त्यांनी गाडीची किल्ली खिशात टाकली आणि म्हणाले, "मुक्ता, माझ्या नातीला मी या टायरांवर बसवणार नाही. उशीर झाला तर मी त्या लोकांचे पाय धरीन." सबंध आयुष्यात मी त्यांच्या तोंडून पाय धरण्याची भाषा ऐकली नव्हती.

मी डोळे मिटले. मागायला काही शब्द सापडेनात. काय मागायचं हेच कळत नव्हतं, लवकर जाणं की सुखरूप जाणं. तेव्हा एवढंच मनात आलं की तुला जे करायचं ते कर, मी बसले इथे. ते म्हटल्यावर एकदम हलकं वाटलं. इतक्या वर्षांत प्रार्थना करताना असं कधी वाटलं नव्हतं.

डोळे उघडले तर त्या बाईंचा मुलगा यांच्याशी बोलत होता. त्याच्या ओळखीचे एक रेड्डी म्हणून होते, त्यांचं टायरचं दुकान तिथून जवळच, कारखान्यांच्या भागात, आणि ते राहायला दुकानाच्या वरच. त्याने फोन लावला. या आकाराचा टायर इतक्या सकाळी तर सोडाच, मागवल्याशिवाय मिळतही नाही, असं हे पुटपुटत होते. पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण त्या मुलाने हातानेच खूण केली की चला. तो आईला बसवून त्याची गाडी घेऊन पुढे निघाला आणि आम्ही त्याच्या मागे, चालण्याच्या वेगाने.

रेड्डींनी शटर उघडून ठेवलं होतं. वरच्या फळीवर कागदात गुंडाळलेले चार टायर होते, आमच्याच गाडीच्या आकाराचे. एका गिऱ्हाइकाने आमच्यासारख्याच गाडीसाठी मागवले होते आणि टायर येईपर्यंत त्याने गाडीच विकून टाकली. तेव्हापासून ते पडून होते, आणि त्याच दिवशी दुपारच्या गाडीने कंपनीकडे परत जाणार होते. रेड्डी हे सगळं सहज सांगत होते, जणू त्यात विशेष काही नाही. हे मात्र एका स्टुलावर बसले आणि त्या चार टायरांकडे बघत राहिले.

मी त्या बाईंचे आभार मानायला वळले तर त्यांचा मुलगा गाडी सुरू करून उभा होता. त्यांनाही लांब जायचं होतं. त्यांनी मुक्ताला जवळ घेतलं, ओठांत काही म्हटलं, तिच्या डोक्यावर फुंकर घातली आणि त्या गेल्या. नाव विचारायचं राहून गेलं. आमच्याकडे म्हणतात की दत्तगुरू कोणत्या वेशात येतील सांगता येत नाही. मी त्यावर कुणाशी वाद घालत नाही. त्या बाई त्यांच्या श्रद्धेने त्यांच्या देवाकडे निघाल्या होत्या, वाटेत आमच्यापाशी थांबल्या, एवढंच मला ठाऊक आहे.

चाकं उतरवली. फुगलेला टायर सुटा झाल्यावर रेड्डींनी आतून दाखवला. आतले दोरे तुटून विस्कटले होते, आणि त्या जागी अंगठा दाबला की रबर बाहेर येत होतं. श्रीकांतने तेलुगूत विचारलं की हायवेवर हा किती टिकला असता. रेड्डी म्हणाले, "देवुडु चूसुकुन्नाडु." देवाने बघून घेतलं. मग नवे टायर चढले, काळेभोर, अंगावर रबराच्या बारीक केसांसह, त्या कोऱ्या वासाने सगळं दुकान भरलं. मला तर तो वास नव्या पाळण्याच्या वासासारखाच वाटायला लागला. मुक्ता आता हसत होती, टायरवरचे ते केस बोटाने चाचपत होती. तिने शिशुगृहात फोन केला. मॅडम म्हणाल्या, घाई करू नका, बाळ कुठे जात नाही, साहेबांना मी थांबवून ठेवते. जुने टायर घरी न्यायचे का, असं रेड्डींनी विचारलं. यांनी मान हलवून नको म्हटलं.

आम्ही पोचलो तेव्हा ते अधिकारी खांद्याला बॅग लावून दारातच उभे होते. आम्हाला बघून ते परत आत जाऊन बसले. सह्या झाल्या, आणि एका ताईने बुज्जीला आणून मुक्ताच्या हातांत दिलं. बुज्जीने तिच्याकडे गंभीरपणे बघितलं, मग तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र मुठीत धरलं आणि ओढलं. श्रीकांत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग मलाच म्हणाला, "अत्तय्या, तुम्ही घ्या ना तिला जरा." मी घेतलं. तिचं वजन हातांवर आलं आणि मी, जी इतकी वर्षं भांडत आले होते, ती गप्प झाले.

परतीच्या वाटेवर जहीराबाद मागे पडलं होतं. बुज्जी दूध पिऊन मुक्ताला बिलगून झोपली होती. रस्ता मोकळा होता, गाडी वेगात होती. अचानक डावीकडच्या कच्च्या वाटेवरून उसाने भरलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर थेट रस्त्यात आडवा आला. यांनी ब्रेक दाबला. मला दिसत होतं ते फक्त उसाचे शेंडे, जवळ येणारे. गाडी जराही घसरली नाही, वाकडी झाली नाही. रस्त्याला घट्ट धरून ती सरळ उभी राहिली. समोरच्या काचेच्या पुढे हातभर अंतरावर उसाची पानं हलत होती. ट्रॅक्टरवाल्याने घाबरून हात जोडले आणि तो पुढे गेला. मग मुक्ता हळूच म्हणाली, "बाबा, ती उठलीसुद्धा नाही." यांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला पाठमोरे उभे राहिले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. एवढंच म्हणाले की सकाळी ती बाई भेटली नसती तर, आणि पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

दिवेलागणीला कुकटपल्लीला पोचलो. शेजारणींनी दारात रांगोळीचं मोठं मुग्गू घातलं होतं, श्रीकांतच्या आईने हळदीकुंकवाचं पाणी तयार ठेवलं होतं. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मुक्ता आपल्या मुलीला घेऊन उंबरठा ओलांडून आत गेली. मजल्यावरची सगळी बिऱ्हाडं जमली होती. बुज्जी एकेकाकडे टकामका बघत होती, आणि रडायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.

शरणागती म्हणजे आपलं मागणं देवाच्या पायाशी ठेवून फळाची वाट बघायची, असं मी आजवर समजत होते. त्या सकाळी मला निराळं काही दिसलं. मला पोचण्याची घाई होती आणि कुणीतरी मला खुर्चीवर बसवून ठेवलं. ते थांबणं मी राग धरून सोसलं, आणि कृपा होती ती त्या थांबण्यातच. आता मी देवापुढे जास्त बोलत नाही. जिथे थांबवशील तिथे थांबेन, एवढंच म्हणते, आणि तेही मला रोज जमतंच असं नाही. पण म्हणते.

शनिवार-रविवारी बुज्जी अंबरपेठेला येते. माझ्या मांडीवर बसून ती पूजेतली घंटा दोन्ही हातांनी वाजवते. आरती सुरू व्हायच्या आधी वाजवते, संपल्यावरही वाजवत राहते. हे हसून म्हणतात की देवाला जरा झोपू दे. मी तिच्या हातातून घंटा घेत नाही.