आधी पुसा, मग पाजा

भिलाईत कारखान्याच्या भट्ट्या उभ्या राहत होत्या, तेव्हा आमच्या क्वार्टरमध्ये एक नाटक झालं. हसू आलं तर हसा. मीही सांगताना आधी हसवूनच घेतो.

धाकटी बहीण महिन्याची होती. आईच्या छातीवर इसब फुटलं होतं. बाळानं तोंड लावलं की ती स्वतःचे ओठ चावी. दवाखान्यातल्या डॉक्टरनं मलमाची ट्यूब लिहून दिली आणि नर्सनं समजावलं. नर्स पुण्याकडची. "पातळच लावा. पोटुशी होता तेव्हा कोपराला हेच लावलं होतं ना? झालं का काही? आताही बाळाला धोका नाही. फक्त आधी पुसा, मग पाजा."

आम्ही भंडाऱ्याकडचे. आमच्यात पुसणं म्हणजे विचारणं. फडक्यानं करतात तेही पुसणंच, पण ते आईच्या डोक्यातच आलं नाही. मलम लावून बाई पुसायला निघाली!

बाबा सायकल काढत होते. "मले कावून पुसून राहिली? शिफ्टची वेळ झाली. मायले पूस."

आजी म्हणाली, "नोको पाजू वो माय. अंगाले लावलेलं दुधात उतरते."

नळावरच्या छत्तीसगढी शेजारणीनं तर कानांना हात लावले. "झन पिया ओ बहिनी!" पाजूच नको.

कोणीच हो म्हणेना. बाळ रडे, आईचा पदर ओला होई, आणि ती भिंतीकडे तोंड करून बसे. शेवटी तुमसरहून मावशी आली. तिचंही पोर अंगावर पीत होतं. तिनं बाळाला छातीशी लावलं आणि सोबत घेऊन गेली.

चार-पाच महिन्यांनी इसब बरं झालं, तशी आई दवाखान्यात सांगायला गेली.

"बाळ कुठंय?" नर्सनं विचारलं.

"तुमीच म्हटलं ना जी, पुसून पाजा. समद्यायले पुसलं. कोनी हो म्हनलं नाही."

नर्स खो खो हसली. "अहो बाई, मलम पुसायचं! फडक्यानं!" मग आईचं तोंड पाहून तिनं खुर्ची पुढे केली.

आई तशीच तुमसरला गेली. बाळाला पदराखाली घेतलं, पण दूध आटलं होतं. बाटली बाळाला चालेना. ते किंचाळून मावशीकडे झेपावलं. आई एकटीच परतली.

बहीण चालायला-बोलायला लागल्यावर मावशी तिला घेऊन आली. दारातच पोरीनं मावशीचं लुगडं ओढलं, "आई, हे कोन वो?"

मावशीला रडू फुटलं. आई खाली बसली आणि म्हणाली, "मी तुही मावशी वो, बेटा."