शून्य फॅटची म्हैस

शकुबाईंच्या म्हशीचा लासुर्ण्यात मोठा मान. सत्त्याण्णव साली एका सकाळी दूध संस्थेच्या नव्या कॉम्प्युटरनं तिच्या दुधाला फॅट दिलं ते चक्क शून्य.

"शून्य? आरं, हिरीच्या पाण्याचाबी असा अपमान कुणी केला न्हाय!" शकुबाई कडाडल्या.

चेअरमन हिंदुरावांनी बारामतीला फोन लावला. "सोमवारपतूर सुधरा, न्हायतर डबडं उचला. आमी सोडलं की बाकीच्या सहा संस्थाबी सोडतील."

फोनवर होती सुकन्या. एमआयडीसीतल्या दोन खोल्यांच्या कंपनीत प्रोग्रॅम लिहिणारी ती एकटीच. सातही संस्थांत फॅटच्या यंत्राकडून आकडा आणायला एकच सामाईक कोड होता. मोजणी, पावती, अहवाल, सगळे प्रोग्रॅम त्याच्याच दारात उभे. तो लिहिणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले आणि जाताना एक नियम मागं ठेवून गेले : काही बिघडलं तर शून्य द्या, पण थांबू नका. म्हणजे तार सैल झाली यंत्राची आणि अब्रू गेली म्हशीची.

सुकन्यानं नियम उलटा केला : बिघडलं की थांबा. दुसऱ्याच दिवशी तार हलली, कॉम्प्युटर थांबला आणि किटल्यांची रांग उन्हात ताटकळली.

"पयलं खोटं बोलत हुतं, आता बोलतच न्हाय!" हिंदुरावांचा पुन्हा फोन.

शनिवारी ती सणसरला घरी गेली, तोंड पाडून. वडील म्हस्कू यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "चुकलेलं मेंढरू हुडकायला आमी माणूस धाडायचो. त्यो नुसता 'न्हाय' म्हनत आला, तर इचारायचो, बघून न्हाय, का बघितलंच न्हाय? वढ्याला पानी आलं म्हनून फिरलास, तर तसं सांग. फुडं काय करायचं ते ज्याची मेंढरं त्यो ठरवील."

"आबा!" म्हणत सुकन्या अर्धी भाकरी टाकून उठली.

रविवारी तिनं कोड नव्यानं लिहिला. त्यानं आकडा द्यायचा, नाहीतर का मिळाला नाही ते सांगायचं. मनानं शून्य घालायचं नाही आणि कुणाला थांबवायचंही नाही. पुन्हा मोजायचं की जागा कोरी सोडायची, ते ज्यानं आकडा मागितला त्या प्रोग्रॅमनं बघावं.

सोमवारी सकाळी तिनं तो लासुर्ण्याच्या कॉम्प्युटरवर चढवला आणि शकुबाईंची पाळी आली. हिंदुराव टेबलाला टेकून उभे होते, चेहरा अगदी भोळाभाबडा. सेक्रेटरी मोहनरावांनी पडद्यावरचं वाचलं, "यंत्राचं उत्तर नाही. तार बघा, नाहीतर हातानं मोजून भरा."

सगळ्यांनी तार बघितली. तिचं टोक हिंदुरावांच्या मुठीत होतं.

"चेअरमन, तुमाला धरलं की वो त्यानं!" शकुबाई म्हणाल्या. रांग खदखदून हसली. तार जोडली. सात पॉइंट आठ!

"मोठ्यानं वाचा, मोहनराव!" शकुबाईंनी तो आकडा तीनदा वाचून घेतला.

"म्याच तार उपसून पारख केली. ऱ्हाऊ द्या कॉम्प्युटर," हिंदुराव मिशीत हसत म्हणाले. "आमच्या संचालकांपरास बरा. चुकलं तर चुकलं म्हनतोय तरी."

संध्याकाळी सुकन्या घरी आली, तर म्हस्कूंनी दारातच विचारलं, "घावलं का मेंढरू?"

"घावलं, आबा. सातच्या सात संस्था."