हमीदाबाईंचा बुरखा आणि आमची तोंडं

मास्तरणींच्या खोलीत किस्से कुणी जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. मधल्या सुट्टीत डबे उघडले, की कुणीतरी म्हणणारच, "अगं, आज काय झालं ऐक!" बडोद्याला वाडीतल्या आमच्या मुलींच्या शाळेत मी बरीच वर्षं काढली. महाराजांनी शिक्षण सक्तीचं केलेलं, त्यामुळे वर्ग तुडुंब आणि किस्सेही तुडुंब! त्यातले हमीदाबाईंचे किस्से मी किती लग्नकार्यांत सांगितले असतील. लोक पोट धरधरून हसतात. हल्ली मात्र सांगता सांगता माझेच कान तापतात. ऐका, मग कळेल.

उर्दूच्या वर्गासाठी हमीदाबाईंची नेमणूक झाली. वडील सरकारी पागेत, शेजार सगळा मराठी, त्यामुळे बाईंचं मराठी आमच्यासारखंच. रस्त्याने येताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा बुरखा, डोळ्यांपुढे जाळी. आमच्या खोलीत आल्या, की तो काढून खुंटीला अडकवायच्या आणि कामाला लागायच्या.

पहिल्या दिवशी त्या व्हरांड्यातून येताना दिसल्या आणि पहिलीच्या मुलींनी एकच गलका केला, "भूत! भूत!" एकीने तर पाटीच टाकली. आमच्या विमलताई म्हणजे स्टाफमधल्या सगळ्यात विनोदी. मुलींना गप्प करायचं सोडून स्वतःच पदरात तोंड घालून हसायला लागल्या.

हमीदाबाईंनी जाळी वर केली आणि पाटी टाकणाऱ्या मुलीपुढे उकिडव्या बसल्या. "भूत शाळेत कशाला येईल गं? त्याला तर पाढेसुद्धा येत नाहीत!"

मुलगी डोळे पुसत म्हणाली, "मला पण येत नाहीत!"

तिची भीती तिथल्या तिथे संपली. मुली चार दिवसांत सगळं विसरल्या. आमच्या खोलीत मात्र पांढरा बुरखा फाटकाशी दिसला, की विमलताई खिडकीतून कुजबुजायच्या, "आलं गं, आलं!" आणि आम्ही शिकलेल्या बायका फिदीफिदी हसायचो. वर्षभर!

*

शाळेच्या बक्षीस समारंभाला एका सरदारांच्या पत्नी पाहुण्या म्हणून यायच्या होत्या. त्या गोषातल्या, परपुरुषाच्या नजरेला पडायच्या नाहीत. त्यांची पडदे लावलेली बग्गी फाटकाशी थांबली. बग्गीपासून दारापर्यंत दोन्ही बाजूंनी कापडी कनाती धरल्या. शिपाई भिंतीकडे तोंड करून उभे! आमच्या हेडमिस्ट्रेस, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो, अगदी भारावून गेल्या. "याला म्हणतात खानदान!"

कनाती गुंडाळणं चाललं होतं, तेवढ्यात हमीदाबाई आल्या. फाटकावरच्या शिपायाने अडवलं. "बुरखा वर करा. आत कोण आहे ते कळायला नको?"

रोज त्यांना सलाम ठोकणारा शिपाई हा! पण त्या दिवशी मोठे पाहुणे होते ना. मोठ्या बाई धावत गेल्या, आम्हाला वाटलं आता त्याची खरडपट्टी काढणार. तर म्हणाल्या, "त्याचं बरोबर आहे, हमीदाबाई. निदान आज तरी हे घालून यायचं नव्हतं. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही."

हमीदाबाईंनी गुंडाळलेल्या कनातींकडे पाहिलं. "बाई, कापड माझ्याकडेही आहे. फक्त बग्गी नाही!"

*

एकदा बाहेरगावच्या एका वक्त्यांचं भाषण ठेवलं होतं. विषय पडदापद्धती. मोठे सुधारक, कळकळीचे, घसा बसेपर्यंत बोलणारे. मास्तरणींना पुढच्या रांगेत बसवलं होतं. हमीदाबाई बुरख्यात, माझ्या शेजारी.

वक्ते म्हणाले, "या भगिनींना काय वाटतं, हे कुणी विचारलंय का?"

हमीदाबाईंनी हात वर केला.

"नाही! कुणीही विचारलेलं नाही!" वक्ते पुढे सरकले. थोड्या वेळाने पुन्हा, "आहे का यांना बोलण्याची मुभा?" पुन्हा हमीदाबाईंचा हात वर. वक्त्यांनी तो पाहिला, कारण हातानेच 'बसा, बसा' अशी खूण केली. त्या तर बसलेल्याच होत्या! शेवटी वक्त्यांचा आवाज भरून आला. "मूक आहेत हो या! मूक!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मोठ्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. हमीदाबाईंनी हात खाली घेतला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "यांच्या घरच्यांना तरी बोलायला मिळतं का हो?"

*

हा पुढचा सांगू की नको, असं मला नेहमी होतं.

दुसरीतली एक मुलगी हमीदाबाईंच्या फार मागे मागे असायची. शिवणाचा तास त्याच घ्यायच्या. एक दिवस तिचे वडील तणतणत शाळेत आले. कचेरीतले कारकून, सभ्य माणूस. "मुलगी घरी चादर पांघरून हमीदाबाई-हमीदाबाई खेळते! उद्या हिला सवय लागली म्हणजे?"

हमीदाबाईंनी विचारलं, "खेळात ती मुलींना मारते का?"

"नाही."

"ओरडते?"

"नाही. सगळ्यांना जवळ घेऊन सुईत दोरा ओवायला शिकवते."

"मग माझीच नक्कल!" जाळीआडून हमीदाबाईंचा आवाज काय खुलला म्हणता!

वडीलसुद्धा क्षणभर हसले. मग मोठ्या बाईंकडे वळून म्हणाले, "तरी हिचा वर्ग बदला." मोठ्या बाईंनी बदलला. लग्नात सांगताना मी हा किस्सा नेहमी 'माझीच नक्कल'पाशी थांबवते.

*

शाळेचा ग्रूप फोटो. फोटोग्राफर काळ्या कापडातून डोकं काढून म्हणाला, "त्या बाईंचा चेहरा येत नाही." हमीदाबाई म्हणाल्या, "यायला नकोच आहे. फोटो कुठे कुठे लागेल, कोण बघेल. मी अशीच बसते."

विमलताईंना चेव आला. "अहो, मग खुर्चीवर नुसती उशी ठेवा आणि वर चादर घाला! कोण ओळखणार आहे?" सगळ्या हसल्या. फोटोग्राफरही हसला, त्यामुळे फोटोत आमचे सगळ्यांचे दात आलेत.

तो फोटो ऑफिसात लागला. मास्तरणी बदलल्या, नव्या आल्या. फार वर्षांनी मी सहज शाळेत गेले, तर एक नवी शिक्षिका पाहुण्यांना फोटो दाखवत होती. "या मधल्या कोण, ते माहीत नाही. या हसणाऱ्या बाईही कोण कोण जाणे. पण या हमीदाबाई!"

*

आणि हा पादरा गावाच्या गाडीतला.

पादऱ्याला शिक्षकांची सभा होती. मोठ्या बाई, विमलताई, हमीदाबाई आणि मी, अशा चौघी सकाळच्या गाडीने निघालो. बायकांचा डबा गच्च भरलेला. हमीदाबाई कोपऱ्यात बुरखा घेऊन बसल्या. समोरच्या एक गुजराती बाई त्यांच्याकडे टक लावून पाहत होत्या. मग शेजारणीला म्हणाल्या, "आ तो कोई भायडो लागे छे!" म्हणजे, हा कुणी पुरुषच दिसतो!

झालं! सगळ्या डब्याने पाय वर घेतले. "मोढुं बताव! तोंड दाखव!"

हमीदाबाईंनी हात बाहेर काढून बांगड्या दाखवल्या. "बांगड्या कुणीही घालील!" बोलून पाहिलं. "आवाज काढता येतो!" जाळी वर करायला त्या तयार होत्या, पण स्टेशन आलेलं, खिडकीबाहेर पुरुषांची ही गर्दी. "गाडी सुटू द्या, दाखवते," म्हणाल्या.

मोठ्या बाई मध्ये पडल्या. मला वाटलं, आता ठणकावतील. "अहो, आमच्याच शाळेतल्या आहेत. चांगल्या आहेत हो. बाकीच्यांसारख्या नाहीत!"

हमीदाबाईंची मान त्यांच्याकडे वळली. जाळीआडून त्यांनी कसं पाहिलं, ते दिसलं नाही, तेच बरं. विमलताई आणि मी आपापल्या मांडीकडे बघत होतो.

तेवढ्यात त्या गुजराती बाईंनी खिडकीतून हाका मारून गार्डाला बोलावलं. तो डब्यात चढला, बायकांमधून वाट काढत पुढे आला आणि म्हणाला, "चलो, परदा उठाओ!"

आम्ही आपल्या मांडीकडेच बघत राहिलो. हमीदाबाईंनी जाळी वर केली.

डबाभर बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "बाई छे, बाई छे!" पाय खाली आले, डबे उघडले, कुणीतरी ढोकळासुद्धा पुढे केला. गार्ड मात्र हलेना. नुसता बघत उभा राहिला.

हमीदाबाईंनी जाळी खाली सोडली आणि समोरच्या बाईंना अगदी अदबीने म्हणाल्या, "बेन, तमारी वात साची, तुमचंच खरं. डब्बामां भायडो छे. आता याला उतरवा!"