वेलची कंपनीचा सदाचार

सदाचारावर स्मृतिकारांनी जे अध्यायच्या अध्याय लिहिले, ते एका वेलची विकणाऱ्या कंपनीने करारपत्राच्या एकाच कलमात आटोपलेले मी पाहिले आहे. स्मृतिकारांना हे साधले नाही. त्यांच्यापाशी कायदेविभाग नव्हता.

आरमोरीच्या शाळेत मी संस्कृत शिकवीत असे. धानोऱ्याकडील जंगलातल्या एका गोंड गावची मुलगी तेथे वसतिगृहात राहून शिकली. विभक्तींशी तिचे कधी जमले नाही, धावण्याशी जमले. पुढे लांब पल्ल्याच्या शर्यतींत ती देशासाठी धावू लागली, तेव्हा या कंपनीने तिच्या प्रशिक्षकाचा, आहाराचा आणि शहरातील निवासाचा भार उचलला. मोबदल्यात आमच्या चौकात तिचे छायाचित्र लागले, हातात वेलचीची डबी. त्याच नावाची आणि त्याच रंगाची तंबाखूची पुडीही निघते. परंतु पुडीची जाहिरात कायद्याने वर्ज्य असल्यामुळे कंपनी आपले सर्व वात्सल्य वेलचीवर ओतते. एकदा पानठेल्यावर जाऊन मी श्रद्धापूर्वक ती वेलची मागितली. ठेलेवाला माझ्याकडे पाहतच राहिला.

"गुरुजी, ते कोनी इकत घेत नाई," तो म्हणाला. "ते फक्त फोटोत रायते."

करार माझ्याच ओसरीवर वाचला गेला, कारण मुलीच्या वडिलांस त्यातील मराठी संस्कृतच वाटत होती. सार्वजनिक वा खासगी जीवनात खेळाडूने मादक पदार्थाचे सेवन केल्यास कंपनीच्या प्रतिष्ठेस बाधा येईल व करार संपुष्टात येईल, असे त्यात होते. वडिलांनी विचारले, "यात काही लफडं तं नाई ना, गुरुजी?"

"नाही," मी म्हणालो. "यात केवळ सदाचार आहे."

पुढे तिला पदक मिळाले. तिची मातीशी असलेली नाळ टिपावी, असे कंपनीला वाटले, आणि कॅमेरे तिच्या गावी पोचले. त्या वेळी तेथे मोहफुलांचा सण होता. त्या गावची रीत अशी: बाहेरून कोणी काही कमावून आणले की ते आधी देवापुढे ठेवायचे. गावचा वृद्ध पुजारी मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडतो आणि उरलेली पळसाच्या द्रोणात आलेल्याच्या हाती देतो. ती घेतल्यावाचून माणूस घरी आला असे धरत नाहीत. मुलीने पदक ठेवले व द्रोण ओठाला लावला. उजेड नीट पडला नव्हता, म्हणून दिग्दर्शकाने तिला पुन्हा एक द्रोण घ्यावयास लावला. कलेची निष्ठा असावी तर अशी.

ती चित्रफीत लोकांनी पाहिली. देशाची खेळाडू दारू पिते, असे कोणी तरी म्हणाले, आणि कंपनीचा सदाचार झोपेतून जागा झाला.

कंपनीचे एक गृहस्थ मुलीला आणि तिच्या वडिलांना घेऊन माझ्याकडे आले. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. तो थुंकण्यासाठी ते मधूनमधून ओसरीच्या टोकाशी जात, तुळशीपासून मात्र सभ्य अंतर राखीत. 'नशेच्या आहारी जाऊन माझ्या हातून हे कृत्य घडले' असा माफीनामा शुद्ध मराठीत मी लिहून द्यावा आणि मुलीने सही करावी, म्हणजे करार टिकेल, असे ते म्हणाले. निवडचाचणी जवळ आली होती.

कंपनीच्याच जाहिरातीत झळकणारा एक विख्यात क्रिकेटपटू मेजवानीत गांजासह सापडला होता व महिन्याभरात पुन्हा वेलची चघळू लागला होता. मी त्याची विनयपूर्वक आठवण करून दिली.

"ते वेगळं, सर. तो त्यांचा खासगी क्षण होता."

"आणि हा?"

"हा सार्वजनिक. समोर कॅमेरा होता ना."

"कॅमेरा आपल्याच कंपनीचा होता."

"म्हणूनच तर पुरावा पक्का आहे, सर."

एवढे निर्दोष तर्कशास्त्र काशीतही ऐकावयास मिळाले नसते.

"करून दे ना सही, बाई," वडील मुलीला म्हणाले. "कागदच तं हाय."

"गावात वाचतीन, बाबा. म्हाताऱ्यानं देवाचं म्हनून देल्लं, अन् मी त्याले नशा म्हनू? मंग मले कोन घरात घेईन?" ती माझ्याकडे वळली. "गुरुजी, तुमी सकारी तीर्थ घेता. त्याची माफी माग म्हनलं कोनी, तं मांगसान?"

मी मोहाच्या दारूला कधी स्पर्श केलेला नाही. तिचा नुसता वास आला तरी मान वळवतो, आणि मद्यपानाविरुद्ध वर्गात पुष्कळ बोललो आहे. तीर्थात मद्य नसते, हे उत्तर जिभेवर आले होते. पण तिने मद्याविषयी विचारलेच नव्हते. मी लेखणी उचलली आणि म्हणालो, "तू सांग, मी लिहितो."

तिने सांगितले ते मी शुद्ध मराठीत उतरवले. पहिला द्रोण देवाचा होता. तो घेतला आणि पुढेही घेईन. दुसरा चित्रीकरणासाठी घेतला. तो देवाचा नव्हता, कंपनीचा होता, आणि त्याबद्दल मी देवाची क्षमा मागते. खाली तिने सही केली.

गृहस्थांनी कागद सावकाश वाचला व खिशात घातला. थोड्याच दिवसांत कंपनीचे पत्र आले: मूल्यांशी तडजोड करणे कंपनीच्या परंपरेत बसत नाही. प्रशिक्षकाने फोन उचलणे बंद केले. मुलगी एसटीने निवडचाचणीला गेली आणि थोडक्यात हुकली. आता ती धानोऱ्याच्या मैदानावर एकटीच सराव करते. पुढच्या चाचणीलाही जाणार आहे.

तिचे वडील बरेच दिवस माझ्याकडे फिरकले नाहीत. परवा बाजारात भेटले; थांबले, पण हसले नाहीत.

"गुरुजी, तुमचं अक्षर एवढं चांगलं काऊन हाय?" ते म्हणाले. "जरा गिचमिड लिवलं असतं, तं त्यायनं वाचल्याबिगरच घेतलं असतं."